हिरव्या काठाचं बी

बोअरवेल आटून बारा दिवस झाले होते. टँकर तिसऱ्या दिवशीही आला नव्हता आणि पद्मावती रिकाम्या घागरी दाराशी ओळीनं मांडून उंबऱ्यावर बसली होती. त्या घागरींपुढंच मालाची रिक्षा येऊन थांबली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, घागरी सरकवायची खूण केली आणि कागदाचे गठ्ठे उतरवायला लागला.

चिकपेटच्या मागं, कापडाच्या गोदामांच्या पाठीला लागून असलेल्या गल्लीत त्रिविक्रमचं घर होतं. पुढच्या खोलीत हातानं चालवायचं कटिंग मशीन, मागं राहायची जागा. वरचं चाक फिरवून कागद दाबायचा, मग बाजूचा दांडा दोन्ही हातांनी खाली ओढायचा की पातं उतरायचं. चाळीस वर्षं तो दांडा ओढून त्रिविक्रमचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता. डाव्या तर्जनीचं एक पेर पात्यानं कधीच नेलं होतं. लग्नपत्रिका, साड्यांच्या खोक्यांवरची लेबलं, पावतीपुस्तकं, जे येईल ते तो कापायचा. या उन्हाळ्यात मात्र फार काही येत नव्हतं. त्यामुळं गठ्ठे उतरताना बघून त्याला बरं वाटलं.

काम रविकिरणनं पाठवलं होतं. हा पुण्याचा पोरगा, हेब्बाळच्या कुठल्याशा संस्थेत होता. संस्था शाळांना शिकवायचं साहित्य पुरवायची. डिसेंबरमध्ये तो बसवनगुडीच्या शाळेत आला होता. तिथं त्रिविक्रमची मुलगी संपदा सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान शिकवायची, कंत्राटावर. तिच्या वर्गात पोरं जमिनीवर बसून कार्डांचे ढीग लावत होती. रविकिरणनं फोटो काढले, कार्डं उचलून बघितली आणि विचारलं, एवढी सरळ कुणी कापली? संपदानं सांगितलं, माझ्या वडिलांनी. त्यावरून हे काम आलं होतं. दोन हजार संच, एका संचात अठ्ठेचाळीस कार्डं. अकरा दिवसांत कापून, कोपरे गोल करून, डब्यांत भरून पोचवायची.

त्रिविक्रमनं वरचं वेष्टण फाडलं. पहिल्याच शीटवर त्याला मोड आलेल्या अवऱ्याचं, म्हणजे पावट्याचं, बी दिसलं. त्यानं चष्मा लावला आणि परत बघितलं.

"अगं ये, हे बघ," त्यानं बायकोला हाक मारली. "हे संपीनं काढलेलं."

पद्मावती पदराला हात पुसत आली. "आमच्याच अवऱ्याचं की ते. मी भिजत घातलेलं. त्या वाटीत ठेवून काढत बसली होती." तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. "पोरीचं छापून आलं म्हण."

त्रिविक्रमला ती कार्डं पाठ होती. संपदा नवीन काही केलं की आधी बापावर करून बघायची. तो सातवीपर्यंत शिकलेला. जेवण झालं की ती त्याच्यापुढं कार्डं टाकायची: अर्धं, पाव, पाऊण, कुठं अपूर्णांकात लिहिलेलं, कुठं दशांशात, कुठं टक्क्यात, कुठं नुसतं रंगवलेलं वर्तुळ. सारखी असतील ती एका ढिगात लावायची. त्यानं ०.५ उचलून पाच टक्क्यांच्या बाजूला ठेवलं होतं. दोन्हीकडं पाचच होता. संपदा चूक म्हणाली नाही. "इथं का ठेवलंत, अण्णा?" एवढंच तिनं विचारलं, आणि तो तिच्याशी भांडत बसला. दुसऱ्या दिवशी शंभर कागदांची चळत मशीनमध्ये लावताना त्याच्या मनात आलं, यातले पाच कागद म्हणजे काही अर्धी चळत नव्हे. तो तसाच मागं गेला आणि ते कार्ड उचलून दुसऱ्या ढिगात ठेवलं. संपदा चहा पीत होती. ती दिवसभर खुशीत होती.

विज्ञानाच्या कार्डांत सजीव, निर्जीव आणि कधी काळी सजीव असे ढीग होते. त्यात ते बी होतं. मोड आलेलं एक, आणि बरणीतलं सुकं एक. सुक्या बियावरून तिच्या वर्गात चार दिवस भांडण चाललं होतं. संपदानं उत्तर सांगितलंच नव्हतं. पोरांनी घरून बिया आणून ओल्या फडक्यात घातल्या होत्या.

संपदा चार वाजता आली. उन्हानं तोंड लाल झालेलं, पाठीला ब्लाउज चिकटलेला. शीट बघून तीही आधी हसली. मग खाली बसली आणि एकेक चित्र बघत गेली, आणि तिचं हसू गेलं.

"अण्णा, हे काठ काय आहेत?"

प्रत्येक चित्राभोवती जाड रंगीत काठ होता. सजीवांना हिरवा, निर्जीवांना निळा, तिसऱ्या ढिगाला तांबडा. गणितातही तसंच. अर्ध्याच्या सगळ्या कार्डांना पिवळा काठ, पावाच्या सगळ्यांना जांभळा.

"शोभेला असतील," त्रिविक्रम म्हणाला.

"शोभेला नाहीत." तिनं सुक्या बियाचं चित्र बोटानं दाबलं. त्याला हिरवा काठ होता. "पोरांनी वाचायचंच नाही. नुसते रंग लावायचे."

तिनं तिथंच बसून रविकिरणला फोन लावला. आवाज मोठा करून ठेवला, म्हणून त्रिविक्रमला सगळं ऐकू आलं.

"मॅडम, अहो हेच तर आमचं व्हॅल्यू अ‍ॅडिशन आहे," रविकिरण म्हणाला. "तुमच्या कार्डांना एक पीरियड लागतो. आमच्याकडं गेस्ट येणार, बारा शाळांची मुलं असणार. पाच मिनिटांत रिझल्ट दिसायला पाहिजे. कलर असला की एकही मूल चुकत नाही. झीरो एरर."

"चुकायलाच पाहिजेत ती. चुकल्यावर ती बोलतात."

"स्टेजवर नको ना पण चुकायला." तो हसला. "आणि तुमची शाळा पहिल्या टेबलवर घेतलीय. हेडमिस्ट्रेस मॅडम खूश आहेत."

"कार्डांवर माझं नाव?"

"ते कंटेंट टीमच्या नावानं जातं, मॅडम. पॉलिसी आहे. काकांना काम दिलं ना आपण."

संपदानं फोन ठेवला. मग उठून हात धुवायला मागं गेली आणि बादलीत पाणी नाही हे बघून तशीच परत आली.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. त्रिविक्रम सकाळी सहाला मशीनपुढं उभा राहायचा. माप लावायचं, चळत ठोकून सरळ करायची, चाक आवळायचं, दांडा ओढायचा. लॅमिनेशनचा कागद उन्हानं वाकत होता, दाबला तरी निसटत होता. पंखा लावावा तर शीट उडत, म्हणून पंखा बंद. घाम कोपरावरून ओघळून कागदावर पडू नये म्हणून त्यानं दोन्ही मनगटांना फडकी बांधली होती. पद्मावती खाली बसून कोपरे गोल करायची. पंचाची मूठ दाबून दाबून तिच्या तळव्याला फोड आला, तो फुटला, तिनं त्यावर चिकटपट्टी लावली आणि दाबत राहिली. कातरण पायाशी साचायचं. त्यात काठाबाहेर आलेल्या रंगांच्या बारीक पट्ट्या असायच्या.

संपदा कामाला हात लावत नव्हती. शाळेतून यायची, त्या खोलीतून भिंतीला धरून मागं जायची.

पाचव्या दिवशी ती मशीनशी येऊन उभी राहिली.

"अण्णा, माप स्वल्प आत घेतलंत तर?"

त्रिविक्रमला लगेच कळलं. कापायची रेघ आत सरकवली की काठ कातरणात जाणार होता. कार्ड थोडं लहान होईल, एवढंच. त्यानं मापपट्टीवर अंगठा ठेवून अंतर बघितलं.

"डब्यात खुळखुळतील," तो म्हणाला.

"खुळखुळू देत की."

"गिऱ्हाइकाचा माल आहे, संपे. दिल्या मापानं कापून द्यायचा. माझ्या बापानं कधी केलं नाही, मी पण केलं नाही."

"माल माझा आहे, अण्णा."

त्यानं चाक अर्धवट आवळलं. पद्मावतीनं खालून पंच दाबायचं थांबवलं. "एप्रिलला तिचं कंत्राट संपतंय," ती नवऱ्याला म्हणाली, पण ऐकवलं मुलीला. "हेडबाई खूश आहेत म्हणाला ना तो. कशाला आता?"

संपदानं मान हलवली. "सरी, बरं," म्हणाली आणि आत गेली. त्रिविक्रमनं दांडा ओढला. चळत नीट कापली गेली नाही. दाब कमी पडला होता. तेवढी कार्डं त्यानं बाजूला काढली.

सातव्या दिवशी रविकिरण माल बघायला आला. त्याच दिवशी पहाटे टँकर आला होता आणि पद्मावती दोन तास रांगेत उभी राहून सहा घागरी घेऊन आली होती. रविकिरणनं पांढरा शर्ट घातला होता. एक चळत हातात घेऊन त्यानं कडा अंगठ्यानं तपासल्या. "एकदम झकास, काका," म्हणाला. मग बोटाला लागलेली शाई बघून त्यानं तोंड वाकडं केलं.

"काकू, जरा पाणी मिळेल?"

पद्मावतीनं तांब्या भरून दिला. तिला वाटलं प्यायला. त्यानं दारात उभं राहून हात धुतले, चूळ भरली, परत चूळ भरली, आणि उरलेलं अर्धं पाणी गटारात ओतून तांब्या उंबऱ्यावर ठेवला. गटार कोरडं होतं. पाणी तिथल्या घाणीवरून थोडं पुढं गेलं आणि जिरलं. शेजारच्या दारातून कुणीतरी बघत होतं. पद्मावतीनं मान खाली घातली, जणू तिनंच ते ओतलं होतं.

"मॅडमना सांगा, एक रिहर्सल घ्या म्हणून," जाताना तो म्हणाला.

तो गेल्यावर त्रिविक्रमनं बाजूला काढलेली कार्डं उचलली, चष्मा काढून खिशात ठेवला आणि जमिनीवर ढीग लावायला लागला. चष्म्याशिवाय त्याला अक्षर दिसत नव्हतं. पिवळ्यावर पिवळं, जांभळ्यावर जांभळं. पद्मावतीनं उसळीला फोडणी दिली, तेवढ्यात त्याचं झालं. त्यानं चष्मा लावून बघितलं. एकही चूक नव्हती. ०.५ बरोबर ढिगात पडलं होतं. पाच महिन्यांपूर्वी त्या एका कार्डासाठी त्याची रात्र आणि अर्धी सकाळ गेली होती, आणि उरलेला दिवस तो स्वतःशीच हसत काम करत होता. आता कुणीतरी त्याला आंधळा समजून हाताला धरून खुर्चीवर नेऊन बसवल्यासारखं वाटलं. त्यानं ढीग पायानं मोडला. मग वाकून परत गोळा केला, कारण तो गिऱ्हाइकाचा माल होता.

अकराव्या दिवशी डबे रिक्षात भरून तो स्वतः हेब्बाळला गेला. कार्यक्रम त्याच दिवशी होता, मोठ्या गार हॉलमध्ये. उतरवून झाल्यावर दारातल्या माणसानं त्याला जायला सांगितलं, तेव्हा तो कन्नडमध्ये म्हणाला, "नन्न मगळु इद्दाळे, टीचर," माझी मुलगी आहे आत, टीचर. मग त्याला मागच्या भिंतीशी उभं राहू दिलं.

पहिल्या टेबलाशी संपदाची सहा पोरं होती. त्यांच्यात भूमिका होती. चिकपेटच्याच एका शिंप्याची मुलगी, दोन वेण्या, आवाज मोठा. सुक्या बियावरून चार दिवस वर्ग तापवणारी तीच. संपदा तिच्याविषयी घरी इतकं बोलायची की त्रिविक्रमनं तिला न सांगता ओळखलं. मुख्याध्यापिका महानंदाबाई जरीची साडी नेसून खुर्च्यांच्या पहिल्या ओळीत बसल्या होत्या.

रविकिरणनं माइकवर एक, दोन, तीन म्हटलं. बारा टेबलांवर हात चालायला लागले. कुणी बोललं नाही. संपदाच्या वर्गात एवढ्या वेळात दोघांची तरी जुंपली असती. इथं नुसता कार्डांचा सपसप आवाज. दोन मिनिटांत भूमिकाच्या टेबलानं हात वर केले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संपदा पोरांच्या मागं उभी होती, दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून, आणि तिचं तोंड कडू औषध जिभेवर धरल्यासारखं झालं होतं.

पाहुणे खाली उतरून आले. चांगले वाटत होते, पिकलेले केस, मऊ बोलणं. त्यांनी सजीवांच्या ढिगातलं बरणीतलं बी उचललं आणि भूमिकाला इंग्रजीत विचारलं, हे सुकं बी जिवंत कशावरून?

भूमिकानं कार्डाकडं बघितलं. "ग्रीन आहे, सर," ती म्हणाली.

पाहुणे मोठ्यानं हसले. सगळे हसले. "व्हेरी स्मार्ट," म्हणत त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना वाटलं, पोरगी हिरव्या झाडाविषयी बोलतेय. रविकिरणनं फोटो घेतला.

"ती काठाविषयी बोलतेय, सर," संपदा म्हणाली.

"पार्डन?"

"कार्डाच्या काठाविषयी. बियाविषयी तिला कुणी विचारलंच नाही आज."

तिचा आवाज फार मोठा नव्हता, पण माइक जवळ होता. मग रविकिरण पुढं आला, "आमच्या टीचर्स पॅशनेट आहेत," म्हणाला, आणि पाहुण्यांना दुसऱ्या टेबलाकडं घेऊन गेला. महानंदाबाईंनी संपदाकडं बघितलं आणि नजर वळवली.

नंतर जेवणाची पाकिटं वाटली. पोरं तिथंच टेबलांवर जेवली. कार्डं कुणी उचलली नव्हती. त्यांच्यावरच सांबार सांडलं, भाताची शितं पडली, खाली पडलेल्यांवरून लोक चालत गेले. झाडणाऱ्या दोन बायका आल्या आणि रिकाम्या पाकिटांबरोबर त्यांनी कार्डंही काळ्या पिशवीत लोटली. गोल कोपऱ्यांच्या कार्डांचा एक पुंजका त्रिविक्रमच्या पायाशी येऊन पडला होता. त्यानं तो उचलला नाही.

शाळेच्या बसमधून परतताना भूमिका संपदाशेजारी बसली होती. त्रिविक्रमलाही त्याच बसमध्ये जागा दिली होती, मागच्या बाकावर.

"मिस," भूमिकानं कन्नडमध्ये विचारलं, "आपलं ठरलं नव्हतं ना त्या बियाचं? मग आता ठरलं का?"

संपदा खिडकीबाहेर बघत राहिली. उड्डाणपुलावर गाड्या तुंबल्या होत्या. "नाही ठरलं," ती बऱ्याच वेळानं म्हणाली. पण तोपर्यंत भूमिका मैत्रिणीकडं वळून पाकिटातला लाडू वाटून घेत होती.

सोमवारी संपदा घरी आली ती थेट मशीनच्या खोलीत बसली. परीक्षेच्या उजळणीसाठी तिनं आपली जुनी कार्डं काढली होती.

"वाटली सगळ्यांना," ती बापाला सांगायला लागली. "पाच मिनिटं कुणी हलेना. मग बघितलं तर कार्डं उलटी करून बघत होते, अण्णा. मागं बघत होते, कडेला बघत होते. भूमिका म्हणाली, मिस, ह्यांना कलर नाही, कसं लावायचं?"

त्रिविक्रम पात्याला तेल देत होता. त्याचा हात थांबला.

"मी म्हटलं, वाच आणि लाव. तर म्हणाली, चुकलं तर?" संपदानं नाक पुसलं. "वर्षभर त्या पोरीला चुकायची कधी भीती वाटली नव्हती."

"आणि महानंदाबाई?"

"जूनमध्ये यायची गरज नाही म्हणाल्या. पत्र देतील." ते तिनं पाण्याचा टँकर उद्या येणार, असं सांगावं तसं सांगितलं. पद्मावती आतून आली आणि तिच्या शेजारी बसली. चिकटपट्टी लावलेला हात तिनं मुलीच्या गुडघ्यावर ठेवला.

तीन दिवसांनी परत रिक्षा आली. या वेळी दोन रिक्षा होत्या, आणि मागून मोटारसायकलवर रविकिरण. संस्थेला दुसऱ्या जिल्ह्यांतून मागणी आली होती. दहा हजार संच. तो दारातूनच म्हणाला, "काका, उन्हाळा गेला तुमचा आरामात."

त्रिविक्रम उंबऱ्यात उभा होता. आत येऊ द्यायला तो बाजूला झाला नाही.

"काठ काढून टाकणार का?" त्यानं विचारलं.

"कसला काठ?"

"रंगाचा. काढून टाका, कापून देतो. रात्र न् दिवस उभा राहून देतो."

रविकिरण हसला. मग त्रिविक्रम हसत नाही हे बघून थांबला. "काका, तो डिझाइनचा भाग आहे. तुमचं काम कटिंगचं."

"म्हणून सांगतोय. नाही कापणार मी हे."

"अहो, मॅडमचं बोलतो मी शाळेत. रागावलाय का तुम्ही?"

"नाही. किळस येते," त्रिविक्रम साधेपणानं म्हणाला. "हाताला येते."

रविकिरणनं त्याच्या अर्ध्या बोटाकडं बघितलं, मग फोनकडं बघितलं. ड्रायव्हर कंटाळून विचारत होता, उतरवू की नको. शेवटी रविकिरणनं दोन्ही रिक्षा पुढं घ्यायला सांगितल्या. त्या वळल्या आणि गल्लीच्या दुसऱ्या तोंडाला, नंजप्पाच्या शेडपुढं जाऊन थांबल्या. नंजप्पानं नुकतंच विजेवरचं मशीन घेतलं होतं.

दुपारपर्यंत तिथलं मशीन सुरू झालं. त्रिविक्रम आपल्या खोलीत बसून पावतीपुस्तकाचं एक छोटं काम करत होता. संपदा त्याला कागद मोजून देत होती. नंजप्पाच्या मशीनचा आवाज येत होता, न थांबता, एक घाव, मग दुसरा. हातानं चार चळती होतात तेवढ्यात तिथं वीस होत होत्या. त्रिविक्रमला नुसत्या आवाजावरून कळत होतं की लॅमिनेशनचा कागद आहे, आणि नंजप्पानं दाब पुरेसा दिलेला नाही.

"खालची कार्डं तिरकी जाणार त्याची," तो म्हणाला.

"सांगून येऊ का?" संपदानं विचारलं.

त्यानं पुढची चळत ठोकून सरळ केली.

"नको," म्हणाला, आणि चाक आवळलं.